मुलांना ‘पटवून सांगायला’ कसं शिकवावं? प्राथमिक वर्गांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली ते पाचवी शिकवणाऱ्यांकडून, आणि अधूनमधून वैतागलेल्या पालकांकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एका जागी ठेवले आहेत. हवा तो प्रश्न काढून वाचा. दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतील तिथे क्रमांक दिला आहे.

१. पटवून सांगणं वेगळं काय शिकवायचं? मुलं तर दिवसभर हट्ट करतच असतात!

हट्ट करणारं मूल एकच गोष्ट आवाज चढवत पुन्हा पुन्हा सांगतं. भांडणारं मूल समोरच्याला गप्प करायला बघतं. पटवून सांगताना मात्र समोरच्याने आपणहून ‘बरं, चालेल’ म्हणायचं असतं, आणि त्यासाठी त्याचं घोडं कुठे अडलंय ते आधी हेरावं लागतं.

माझ्या वर्गात यासाठी बोटांची मोजणी चालते. एक मूल बोलतं, बाकीची मुलं त्याच्या बोलण्यातले ‘मला’ उजव्या हाताच्या बोटांवर आणि ‘तुम्हाला’ डाव्या हाताच्या बोटांवर मोजतात. पहिल्या फेरीत उजवा हात भरून जातो आणि डावा रिकामा राहतो. मुलं स्वतःच हसतात. पुढच्या फेरीत ‘तुम्हाला’ जरा जास्तच कोंबले जातात, पण तेवढं चालायचंच.

२. कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करावी?

पहिलीपासून, पण फक्त तोंडी. आपल्याला जे ठाऊक आहे किंवा वाटतं ते दुसऱ्याला ठाऊक नसेल, वाटत नसेल, हे मुलांना साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास उमगू लागतं. तेवढं भांडवल पुरतं. पहिली-दुसरीत एक मत आणि एक कारण, तिसरीत दोन कारणं आणि एखादा दाखला, चौथी-पाचवीत समोरच्याचा आक्षेप आणि त्याला उत्तर, असा चढता क्रम ठेवा. मात्र इयत्तेपेक्षा मूल कुठे आहे ते बघा. दुसरीतली एखादी मुलगी आक्षेप सहज ओळखते आणि पाचवीतला एखादा मुलगा ‘कारण मला हवंय’वरच थांबलेला असतो.

३. मुलांना नेमकी कोणती तंत्रं शिकवायची? याद्या तर भल्यामोठ्या सापडतात.

तीन पुरेत. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने वक्तृत्वाची चर्चा करताना जी विभागणी केली तीच अजून कामाला येते: सांगणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला तर्क. मुलांना ग्रीक शब्द पाठ करायला लावू नका. आम्ही खांदा, छाती आणि कपाळ म्हणतो. मी एक वाक्य म्हणते, मुलं योग्य जागी हात ठेवतात.

‘मी महिनाभर न चुकता झाडांना पाणी घातलंय, म्हणून मला माहीत आहे.’ हात खांद्यावर, कारण माणूस भरवशाचा आहे. ‘सुकलेलं रोप बघून कसंतरीच होतं.’ हात छातीवर. ‘शनिवार-रविवार पाणी मिळालं नाही की सोमवारी पानांनी माना टाकलेल्या असतात.’ हात कपाळावर.

नंतर मुद्दाम सरमिसळ वाक्यं घ्या. ‘माझ्या हातून एकदा रोप मेलं, म्हणून सांगतोय, सुट्टीतही कुणीतरी यायला हवं.’ यावर अर्धा वर्ग छातीला हात लावतो, अर्धा खांद्याला, आणि दोन-चार जण दोन्हीकडे. त्यांना भांडू द्या. त्या भांडणात जे शिकून होतं ते फळ्यावरच्या व्याख्येने होत नाही.

४. पहिल्याच तासाला कोणता खेळ घ्यावा?

रेषेचा. जमिनीवर खडूने लांब रेघ ओढा. एक टोक ‘पूर्ण पटलं’, दुसरं ‘मुळीच नाही’. मग एखादं विधान म्हणा, उदाहरणार्थ ‘वर्गात कोण कुणाशेजारी बसणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं’. मुलं आपापल्या जागी उभी राहतात. एकेकाने आपलं कारण सांगायचं, आणि ज्याचं मन हललं त्याने हलल्याइतकंच सरकायचं.

नियम दोनच. मैत्रीखातर सरकायचं नाही, आणि सरकणाऱ्याने कोणत्या वाक्यामुळे सरकलो ते सांगायचं. शाबासकी बोलणाऱ्याइतकीच सरकणाऱ्यालाही द्या, जमल्यास थोडी जास्त. मोठ्यांच्या जगात मत बदलणं म्हणजे हरणं समजतात, आणि मुलं ते आपल्याकडूनच उचलतात. माझ्या वर्गात तिसरीतला एक मुलगा अर्धंच पाऊल सरकून एका पायावर उभा राहिला होता. ‘असा का रे?’ विचारलं तर म्हणाला, ‘तिचं पटलं, पण चिठ्ठीत तोच आला तर?’ तो ‘तोच’ कोण हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं. पुढची दहा मिनिटं आम्ही ‘तर?’ या एका शब्दावर बोललो.

५. कारण विचारलं की ‘कारण मला आवडतं’ एवढंच येतं. काय करू?

कधीकधी तेवढंही चालून जातं, हे आधी मान्य करायला हवं. एलन लँगर आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये छापलेला एक प्रयोग आहे. फोटोकॉपी काढायला थांबलेल्यांना कुणीतरी येऊन ‘मला आधी काढू द्याल का?’ असं विचारायचं. पाच पानांसाठी, कारण न देता, सुमारे ६० टक्के लोकांनी वाट दिली. घाईत असल्याचं खरं कारण दिल्यावर ९४ टक्क्यांनी. आणि ‘कारण मला प्रती काढायच्या आहेत’ या पोकळ कारणावरही ९३ टक्क्यांनी. पण पानं २० झाली तेव्हा पोकळ कारण आणि विनाकारण दोन्ही २४ टक्क्यांवर आले. खरं कारण तेवढं ४२ पर्यंत टिकलं.

चौथी-पाचवीच्या मुलांना ही गोष्ट जशीच्या तशी सांगा, त्यांना ती फार आवडते. छोट्या मागणीत नुसता ‘कारण’ हा शब्द खपून जातो, मोठ्या मागणीत नाही, एवढं त्यांच्या लगेच लक्षात येतं. त्यानंतर जोड्यांमध्ये ‘त्याने काय होतं?’ची साखळी घ्या. एकाने कारण सांगायचं, दुसऱ्याने तीनदा तोच प्रश्न विचारायचा. ‘खिडकीजवळ बसायला आवडतं.’ त्याने काय होतं? ‘उजेड येतो.’ त्याने काय होतं? ‘फळ्यावरचं नीट दिसतं.’ त्याने काय होतं? ‘शेजाऱ्याच्या वहीत डोकवावं लागत नाही.’ हे शेवटचं बाईंना पटेल असं कारण आहे. मुलाच्या पोटात ते होतंच, तीन प्रश्नांनी ओठांवर आलं.

६. समोरच्या माणसाप्रमाणे बोलणं बदलायचं, हे मुलांना कसं समजावू?

समजावू नका, खेळवा. वर्षभरात एकच उपक्रम घ्यायला वेळ असेल तर हाच घ्या.

मागणी एकच ठेवायची: वाचनालयाचं पुस्तक आठवड्याऐवजी दोन आठवडे ठेवता यावं. चिठ्ठ्यांवर तीन माणसं लिहा: ग्रंथपाल, वर्गशिक्षिका आणि त्याच पुस्तकाची वाट बघणारा मित्र. मागणी करणारा चिठ्ठी उचलतो, दुसरं मूल ती भूमिका करतं. भूमिका करणाऱ्याला आधी दोन मिनिटं द्या. त्याने मनात ठरवायचं की आपल्याला सगळ्यात जास्त काळजी कशाची आहे. ती काळजी सांगायची नाही, विचारलं तरच उघड करायची.

एका तासाला ग्रंथपाल झालेला मुलगा हाताची घडी घालून बसला होता.

‘सर, मला जाड पुस्तकं आवडतात. आठवड्यात संपत नाहीत.’
‘मग बारीक घे.’

वर्ग हसला. ती मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘सर, तुम्हाला कशाची काळजी वाटते?’
‘पुस्तक हरवायची. आणि दुसरी मुलं मागतात त्याची.’
‘मग मी दर आठवड्याला पुस्तक आणून दाखवीन. आणि कुणी नाव लिहून ठेवलं असेल तर तेव्हाच परत करीन.’

मुलगा घडी सोडून म्हणाला, ‘मग ठीक आहे.’ तिने त्या क्षणी तीन गोष्टी केल्या: विचारलं, ऐकलं, आणि स्वतः थोडं सोडलं. यातलं शेवटचं मी शिकवलं नव्हतं.

खेळ संपल्यावर तीन वेगवेगळ्या माणसांसमोर मागणी कशी बदलत गेली ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. बदल कारणांत आणि शब्दांत झालेला दिसला पाहिजे. माहितीच बदलू लागली तर प्रश्न १२ कडे वळा.

७. समोरच्याचा मुद्दा मांडायला सांगितलं की मुलं त्याची टिंगल करतात. कसं थांबवू?

खुर्ची बदलून. समोरासमोर दोन खुर्च्या ठेवा, दोन मुलं दोन बाजूंनी बोलतील. मी टाळी वाजवली की खुर्च्या बदलायच्या आणि आता त्या खुर्चीची बाजू मांडायची. पण आपलं तोंड उघडण्याआधी समोरच्याचा शेवटचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, आणि त्याने ‘हो, हेच म्हणालो’ म्हटलं तरच पुढे जायचं. टिंगल केली की ‘हो’ मिळत नाही आणि खेळ तिथेच अडतो. दोन-तीन वेळा अडला की मुलं आपोआप सरळ होतात. अडखळणाऱ्यांना वाक्याची सुरुवात द्या: ‘तुझं हे खरं आहे की…, तरीपण…’

ज्या मुलाला आपल्या मताविरुद्ध बोलायचंच नाही त्याच्यासाठी प्रश्न १७ पाहा.

८. एकाने चांगलं वाक्य म्हटलं की सगळे तेच म्हणू लागतात. ही नक्कल नाही का?

नक्कलच आहे, आणि होऊ द्या. इलिनॉय विद्यापीठातल्या रिचर्ड अँडरसन आणि सहकाऱ्यांनी चौथीच्या मुलांच्या चर्चा तपासून २००१ मध्ये दाखवलं की एका मुलाने वापरलेली युक्तिवादाची एखादी धाटणी, म्हणजे ‘पण असं झालं तर काय?’ यासारखी, हळूहळू दुसऱ्यांच्या बोलण्यात येते आणि मग वाढत्या वेगाने गटभर पसरते. उतारावरून घरंगळणाऱ्या बर्फाच्या गोळ्याची उपमा त्यांनी याला दिली. तेव्हा वाक्याची धाटणी उचलली तर आनंद माना, फक्त आतला मुद्दा स्वतःचा हवा असा आग्रह धरा. आम्ही अशी वाक्यं भिंतीवर लावतो, खाली ती पहिल्यांदा म्हणणाऱ्याचं नाव असतं.

९. बोलतात छान, पण लिहायला बसवलं की दोन ओळी. पुढे कसं न्यायचं?

आमच्याकडे ‘मकादम’ आहे: मत, कारण, दाखला, पुन्हा मत. एका चौथीच्या वर्गाने त्याचा ‘मुकादम’ केला आणि तेव्हापासून ‘तुझा मुकादम कुठंय?’ हाच प्रश्न वहीवर पडतो. चार कागदी पट्ट्यांवर चार भाग लिहायचे, जमिनीवर मांडायचे, मग वहीत उतरवायचे. दाखल्याची पट्टी बहुतेकांची कोरी राहते. तिथे ‘असं कधी घडलं?’ एवढंच विचारा.

पण दोन ओळींचं खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: वाचणारं कुणी नसतं. ‘पाणी वाचवा’ या विषयावर कुणाला पटवायचंय? ते आधीच सगळ्यांना पटलेलं आहे. ज्याच्या हातात काहीतरी आहे अशा खऱ्या माणसाला खरं पत्र लिहू द्या. मधल्या सुट्टीत वाचनालय उघडं ठेवा, जिन्याखालच्या कोपऱ्यात आम्हाला चित्रं लावू द्या, असं काहीतरी. पत्र ज्यांना जाणार त्यांच्याशी आधी बोलून ठेवा, म्हणजे उत्तर नक्की येईल. काय यावं ते मात्र ठरवू नका.

१०. आणि उत्तर ‘नाही’ आलं तर? मुलं खट्टू होतील ना?

होतात, दोन दिवस. नकारात कारण असेल तर ते वाचून वर्गाने दुसरं पत्र लिहावं. पहिल्यापेक्षा ते हमखास सरस उतरतं, कारण आता आक्षेप हातात असतो. विनाकारण नकार आला तर मुलांना एक प्रश्न विचारायचा हक्क आहे: ‘का, ते सांगाल का?’ तेवढ्यावर विषय सोडला तरी हरकत नाही.

११. जाहिराती वर्गात आणाव्यात का? कशा?

आणाव्यात, पण आधी मुलांनाच करायला लावा. एक झिजलेलं डस्टर टेबलावर ठेवा आणि गटागटांना सांगा, हे विकायचं आहे, खोटं एक अक्षर बोलायचं नाही. ‘सगळ्या वर्गाची पसंती!’ ‘बाई स्वतः हेच वापरतात!’ ‘शेवटचं एकच उरलंय!’ हे सगळं पाच मिनिटांत येतं, कुणीही न शिकवता. मग दुसऱ्या गटाने युक्त्या पकडायच्या आणि त्यांना नावं द्यायची. १९३७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रचाराचं विश्लेषण करणारी एक संस्था निघाली. तिने सात युक्त्यांची यादी केली होती, त्यात ‘सगळे करताहेत, तूही ये’ आणि ‘अमुक मोठा माणूस म्हणतो’ या दोन होत्याच. माझ्या मुलांनी त्यांची नावं ‘मेंढरं’ आणि ‘मोठे काका’ अशी ठेवली. तुमच्या मुलांना त्यांची त्यांनाच ठेवू द्या.

जाहिरात आपल्याला काहीतरी विकायला बघते, हे बहुतेक मुलांना सात-आठ वर्षांपर्यंत कळतं. पण कळणं आणि त्या क्षणी आठवणं यात अंतर असतं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बहुधा कुणीतरी आठवण करून द्यावी लागते. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात १९८० पासून १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिराती करायला कायद्याने मनाई आहे. स्वीडनमध्ये १९९१ पासून टीव्हीवर १२ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या जाहिरातींना. पाचवीच्या वर्गात ‘असा कायदा हवा का?’ हा विषय रेषेच्या खेळाला (प्रश्न ४) ठेवून बघा.

१२. हे सगळं म्हणजे मुलांना लबाडी शिकवणं नाही का?

हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. डस्टरच्या खेळात मुलं किती झपाट्याने तयार होतात ते पाहून मलाही एकदा धसका बसला होता. आता वर्गात एक कसोटी ठरलेली आहे: ‘त्याला नंतर सगळं खरं कळलं, तरी तो हो म्हणेल का?’ हो असेल तर पटवलं, नाही असेल तर फसवलं. भावना वापरायला हरकत नाही, पण ती खोटी नको. ‘तू नाही दिलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही’ ही धमकी आहे, तिला आम्ही तंत्रांत धरत नाही. मुलांना सीमेवरची उदाहरणं द्या. खरं बोलायचं, पण एक गोष्ट गाळायची, हे चालेल का? यावर पाचवीचा वर्ग अख्खा तास भांडू शकतो, आणि एकमत झालं नाही तरी बिघडत नाही.

१३. वर्गात तीन-चार मुलं तोंडच उघडत नाहीत. त्यांचं काय?

बोलायला लावण्याआधी थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातलं निरीक्षण करून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मनात एक-दोन-तीन मोजा, ते भयंकर लांब वाटतं. दुसरा उपाय फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेला: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गासमोर. वर्गासमोर स्वतःचं न सांगता शेजाऱ्याचं सांगायला लावलं तर धीर आणखी वाढतो. रेषेच्या खेळात तर न बोलताही मत देता येतं. अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या ‘सादरीकरणाला’ गुण ठेवू नका.

१४. वर्ग मोठा, तास अर्ध्या-पाऊण तासाचा. जमेल का?

जमेल. वर्तुळात वर्तुळ करा. आतली मुलं बाहेर तोंड करून, बाहेरची आत. एक मिनिट बोलायचं, मग बाहेरच्यांनी एक पाऊल उजवीकडे. दहा मिनिटांत प्रत्येक जण चार-पाच श्रोत्यांशी बोललेला असतो. गोंगाट होतो. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.

१५. वर्गातल्या लाडक्या मुलाने काहीही सांगितलं तरी सगळे त्याच्याच मागे जातात.

प्रश्न ३ मधला ‘खांदा’ इथे उलटा फिरतो. आधी आणि नंतर चिठ्ठीवर गुप्त मत घ्या, किंवा डोळे मिटून हात वर करायला सांगा. आणखी एक करून बघा: सगळ्यांची लिखित कारणं नावाशिवाय गोळा करा, तुम्ही वाचा, मुलांना मत देऊ द्या. नाव काढून घेतल्यावर कोणतं कारण उभं राहतं ते मुलांच्या डोळ्यांदेखत दिसतं. लाडक्या मुलालाही याचा फायदा होतो. तो बरेचदा पहिल्यांदाच विचार करून लिहितो.

१६. तुमच्या या उपक्रमापासून आमचं मूल घरी प्रत्येक गोष्टीत वाद घालतंय. आता काय?

सुरुवातीचे दोन आठवडे असं होतं, हे मी पालकांना आधीच सांगून ठेवते. घरी दोन गोष्टी स्पष्ट असू द्या: कोणत्या बाबी चर्चेच्या आहेत आणि कोणत्या नाहीत. रस्ता ओलांडताना हात धरायचा, औषध वेळेवर घ्यायचं, इथे पटवापटवी नाही. सुट्टीच्या दिवशी आधी काय करायचं, खोली कशी लावायची, इथे खुशाल. आणि चर्चेच्या बाबीत मुलाने खरंच चांगलं कारण दिलं तर महिन्यातून एकदा तरी तुम्ही मत बदला, आणि कशामुळे बदललं ते त्याला सांगा. कधीच काही हलत नाही असं दिसलं की मूल पुन्हा हट्टाकडे वळतं. तोच त्याचा जुना, खात्रीचा मार्ग आहे.

१७. मुलाने आपल्या मताविरुद्ध बोलायला नकार दिला, किंवा विषयच नाजूक निघाला तर?

जबरदस्ती नको. त्या मुलाला पंच करा, म्हणजे दोन्ही बाजूंची कारणं त्याने टिपायची. दोन्ही बाजू टिपता टिपता तो बरंच काही करून जातो. विषय निवडताना एवढं बघा की त्यात कुणा मुलाचं घर, श्रद्धा, शरीर किंवा ऐपत पणाला लागत नाही ना. ‘वाढदिवसाला भेट द्यावी का?’ हा वरवर निरुपद्रवी विषय मी एकदा घेतला होता. दोन मुलं तासभर खाली बघत बसली. पुन्हा घेतला नाही.

१८. गुण कसे द्यायचे? ज्याने जास्त मुलांना पटवलं त्याला जास्त?

तसं केलंत की मुलं तिसऱ्या दिवशी मतं गोळा करायला लागतात, मुद्दे बाजूला पडतात. मी तीन गोष्टी टिपते: कारण श्रोत्याच्या कामाचं होतं का, दाखला दिला का, समोरच्याचं म्हणणं खरेपणाने मांडलं का. चौथा रकाना मूल स्वतः भरतं: ‘आज माझं मत कशामुळे बदललं?’ त्यात ‘नाही बदललं’ असं लिहिलं तरी चालतं, पुढे ‘कारण’ असलं की झालं. एकाने वर्षभर ‘नाही बदललं’च लिहिलं होतं. मार्चमध्ये त्याने ते खोडून वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘थोडं. पण तिला सांगू नका.’ मी पूर्ण गुण दिले.